मँगनीजच्या जुन्या डोंगरीवर चढायचं कसं

दिवाळी झाली की नागपूर-भंडाऱ्याकडून पोट्ट्यांचे फोन सुरू होतात, दादा तुमच्या गावामागच्या डोंगरीवर यायचं आहे, रस्ता सांगा. रस्ता मी सांगतो, पण फोनवर पाच मिनिटात जे सांगून होते त्यात नेमकं कामाचं राहून जाते, म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून काढतो. आमचं गाव भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, मागं साग-बांबूची डोंगरी आणि डोंगरीच्या पोटात मँगनीजची जुनी खदान. खाण हा शब्द पुस्तकातला, आमच्याकडं सगळे खदानच म्हणतात. माझी आजी तिथं गोटे फोडायला जायची, घमेल्यात भरून डोक्यावर वाहायची, आणि संध्याकाळी घरी आली की तिच्या हाताच्या रेघा काळ्या दिसायच्या, धुऊनही लवकर निघायच्या नाही. मी स्वतः लहानपणी ढोरांमागं ती पूर्ण डोंगरी पालथी घातली आहे. तरी आजही मी तिथं बांबूची काडी टेकवल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

पहिली गोष्ट डोक्यात बसवून घ्या. तुम्ही पेंचला फिरले असाल, मेळघाटात दहा वेळा गेले असाल, तो अनुभव इथं अर्धाच कामाला येतो. साध्या जंगलात जमीन कित्येक पिढ्यांपासून बसलेली असते. इथली जमीन माणसानं उकरली, पोखरली, मलबा उचलून दुसरीकडं टाकला आणि मग काम बंद पडल्यावर त्या सगळ्यावर झाडं उगवली. वरून पाहाल तर अस्सल जंगल, सागवान, ऐन, धावडा, मोह, मोर ओरडून राहिले, आणि खाली मात्र जमीन कुठं भरीव आहे आणि कुठं पोकळ हे दिसतच नाही. उंची म्हणाल तर काहीच नाही, चिखलदऱ्यासारखी अकराशे मीटर वगैरे नाही, तासा-दीड तासात माथ्यावर पोचता. चढ कठीण नाही, पाय कुठं ठेवायचा ते कठीण आहे.

थोडं खदानीचं सांगतो, कारण ते माहीत असलं तर जमीन वाचता येते. नागपूर, भंडारा आणि तिकडं मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंत मँगनीजचा दोनेकशे किलोमीटरचा पट्टा आहे. इंग्रजांच्या काळात १८९६ ला सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची कंपनी इथं उतरली, स्वातंत्र्यानंतर १९६२ ला मॉयल, म्हणजे मँगनीज काढणारी सरकारी कंपनी झाली. तुमसर रोड स्टेशनावरून तिरोडीला जाणारी रेल्वे लाईन गोबरवाही, डोंगरी बुजरुक अशी खदानींच्या गावातूनच जाते. मँगनीजच्या सोबत जो दगड सापडतो, गारगोटी आणि लालसर-तपकिरी गार्नेटचा, त्याला भूगर्भवाले गोंडाइट म्हणतात, फर्मोर नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानं गोंड लोकांच्या नावावरून ते नाव ठेवलं. आमच्याकडच्या गोंडांचं नाव जगभरच्या पुस्तकात त्या दगडाच्या रूपानं आहे, हे गावातल्या लेकरांना शाळेत कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटते.

आता चालू खदान आणि बंद खदान यातला फरक आधी समजून घ्या. चिखला, डोंगरी बुजरुक, तिकडं मनसर, कांद्री, गुमगाव, ह्या चालू खदानी आहेत. तिथं पाय ठेवायचा विषयच नाही, बाहेरच्या माणसाला आत जाता येत नाही, आणि जायचंही नाही. त्यांच्या आसपासच्या जंगलातून वाट जात असेल तरी किमान अर्धा किलोमीटर लांबून जा, कारण सुरुंग लागला की गोटे लांबवर उडतात. भोंगा वाजला की जिथं आहात तिथून मागं फिरायचं आणि जाड झाडाच्या आडोशाला थांबायचं, व्हिडिओ काढत उभं राहायचं नाही. मी हे जे लिहून राहिलो ते वर्षानुवर्षं बंद पडलेल्या, जंगलानं झाकून घेतलेल्या जुन्या खड्ड्यांच्या डोंगऱ्यांबद्दल आहे, अशा डोंगऱ्या रामटेकपासून तुमसरपर्यंत भरपूर आहेत.

परवानगीचं विचारतात सगळे. सोपं आहे, आधी रेंज ऑफिसला जा किंवा बीट गार्डला भेटा. राखीव जंगल असेल तर वनविभागाला न विचारता आत शिरणं गुन्हा होऊ शकते, आणि अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्प असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागू, तिथं पायी फिरायला तुम्हाला कोणी सोडणार नाही. कोका, नागझिरा, पेंच ह्यांच्या हद्दी आमच्याकडं कुठून कुठं जातात हे नकाशावर लवकर कळत नाही, गार्डला मात्र झाडा-झाडाचं माहीत असते. आणि खरं सांगू का, परवानगीपेक्षा मोठा फायदा हा की वाघ ह्या आठवड्यात कुठल्या नाल्यात आहे हे तोच सांगतो. तो म्हणाला आज नका जाऊ, तर नाही जायचं, घरून डबा बांधून आणला असला तरी नाही.

कधी जायचं. माझं मत पक्कं आहे, दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंत, फार तर जानेवारी संपेपर्यंत. लोक म्हणतात थंडी असते म्हणून, पण खरं कारण सागाचं पान आहे. आमच्याकडं सागाची पानं हिवाळ्याच्या शेवटी झडायला लागतात आणि फेब्रुवारीत खाली असा गालिचा होतो की जमीन दिसतच नाही. सागाचं पान केवढं असते माहीत आहे, जेवायच्या ताटाएवढं. त्या पानांखाली हातभर रुंद भेग असो की माणूस जाईल एवढा खड्डा असो, वरून सगळं सपाट. त्यानंतर मार्चपासून मोह पडते, तेव्हा पहाटे अस्वलं मोहाखाली असतात आणि वणवेही लागतात, एप्रिल-मे मध्ये तपन ४५ च्या वर, काळा गोटा इतका तापते की हात टेकवत नाही. आणि पावसाळ्यात तर नाहीच. जूनच्या मध्यापासून ते सप्टेंबरपर्यंत मलब्याचे ढिगारे पाणी पिऊन फुगलेले राहतात, कडेचा भाग कधी बसेल सांगता येत नाही. पाऊस संपल्यावरही महिनाभर जमीन वाळू द्या. ऑक्टोबरमध्ये एवढं हिरवं दिसते की मन होते जायचं, पण गवत छातीएवढं असते आणि त्यात काय आहे दिसत नाही, म्हणून नका जाऊ.

सामान जास्त नको. जोडे मात्र चांगले पायजेत, घोट्याच्या वर येणारे, तळाला खाचा असलेले, रोजचे रनिंगचे जोडे मलब्यावर घसरतात. फुल पॅन्ट जाड कापडाची, पायमोजे पॅन्टच्या वर ओढून घ्यायचे, नाहीतर कुसळी गवताची कुसळं पायमोज्यात घुसतात आणि मग दिवसभर टोचत राहतात. फुल बाह्यांचा शर्ट, कारण खाजकुयलीच्या शेंगा ह्याच दिवसात वाळतात, तिची लव अंगाला लागली तर खाजवायचं नाही, ओल्या मातीनं किंवा शेणानं लेपून, वाळू देऊन झाडून टाकायचं, आमच्याकडं असंच करतात. डोक्याला दुपट्टा. पाणी माणशी तीन लिटर, थंडी असली तरी. वाटेत पाणी मिळेल ह्या भरवशावर राहू नका, त्याचं पुढं सांगतो. दोन टार्च, शिट्टी, पट्ट्या, खायला भाकर-झुणका नाहीतर गूळ-शेंगदाणे, आणि प्लास्टिकची पन्नी एक रिकामी कचरा परत आणायला.

सगळ्यात महत्त्वाचं हत्यार म्हणजे काडी. दुकानातली घडीची स्टिक नाही, साध्या बांबूची, खांद्याएवढी उंच, अंगठ्यापेक्षा थोडी जाड, वाळलेली, खालच्या टोकाला गाठ असलेली. ही काडी टेकायला नाही, विचारायला आहे. प्रत्येक अनोळखी पावलाआधी ती जमिनीला विचारायची, बाई तू आहेस का.

गावात पोचलात की पहिले गायकी शोधा. जो माणूस रोज ढोरं घेऊन त्या डोंगरीवर जातो त्याच्याएवढं कोणालाच माहीत नसते, गूगल मॅपला तर नाहीच. त्याला दिवसाची मजुरी ठरवून सोबत घ्या, त्याचं काम बुडते म्हणून आधीच पैसे बोलून घ्या, आणि चहा-नाश्ता आपल्यासोबत. म्हातारा असेल तर आणखी चांगलं, कोणत्या खड्ड्यात कधी ढोर पडलं हे त्याला आठवते आणि जिथं ढोर पडलं तिथून माणसानं जायचं नाही एवढा साधा हिशोब आहे. गायकी नाही मिळाला तर निदान ढोरांच्या वाटेनं जा. ढोर रोज पाय ठेवते म्हणजे ती जमीन त्याचं वजन घेते. पण एक लक्षात ठेवा, ढोराची वाट पाण्याकडं जाते, माथ्याकडं नाही, एका ठिकाणी तुम्हाला ती सोडावीच लागते, आणि ज्या ठिकाणी सोडली तिथं झाडाच्या फांदीला कापडाची चिंधी बांधा, परत येताना काढून आणा.

आणि आता जे सांगतो ते दोनदा वाचा. जंगलात अचानक एक सुंदर रुंद वाट लागते, सपाट, हळूहळू चढत जाणारी, दोन्ही बाजूला झाडं सारखी, चालायला एकदम आरामाची. शहरातले पोट्टे खूश होतात की रस्ता सापडला. तो रस्ता नाही, ती जुनी ट्रॉली लाईन किंवा माल वाहायची गाडीवाट आहे. भरलेल्या गाड्या उतरवायच्या म्हणून ती मुद्दाम कमी चढाची काढलेली असते. आणि ती वाट गावाला जात नाही, खड्ड्याला जाते. तिचं कामच ते होतं. एक टोक जिथं माल भरायचे तिथं आणि दुसरं टोक खदानीच्या तोंडाशी, आणि काम बंद पडल्यावर ते तोंड कधी ढासळून पुढं सरकलं असेल तर वाट मधेच हवेत संपते.

मी दहावीत होतो तेव्हाची गोष्ट. जानेवारीचा शेवट होता, एक कालवड चुकली होती, अंधार पडायच्या आत सापडली पायजे म्हणून मी अशाच वाटेनं भराभर चाललो होतो, हातात काडी होती पण खांद्यावर. पुढं रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची जाळी आली, वाट तिच्यातून जात होती असं वाटलं, मी काडीनं फांद्या बाजूला करायला गेलो आणि काडी पानांत टेकवली तर ती थांबलीच नाही. हात कोपरापर्यंत खाली गेला तेव्हा मी मागं बसलो, अक्षरशः मातीत बसलो. पानं हळूच खाली घसरली आणि समोर टोंगळ्याएवढ्या (गुडघ्याएवढ्या) अंतरावर कडा दिसली, खाली काळं पाणी. एक गोटा पडला, मी मनात आकडे मोजले, तीन म्हणेपर्यंत आवाज आला. कालवड दुसऱ्या दिवशी गावातल्या ढोरं जमायच्या आखरावर उभी होती. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून ट्रॉली लाईन वापरायची असेल तर खालच्या भागात वापरा, चढायला खरंच सोपी आहे, पण समोर उजेड वाढताना दिसला, झाडांच्या मधून आभाळ खाली आल्यासारखं वाटलं, की तिथंच थांबायचं. दाट जंगलात समोर अचानक मोकळं दिसते त्याचा अर्थ माथा असू शकते किंवा खड्डा. काडी पुढं, एक माणूस पुढं, बाकीचे दहा पावलं मागं. आणि रायमुनियाची दाट भिंत आडवी आली तर तिच्यातून कधीच घुसायचं नाही. ती उकरलेल्या, उजेड पडणाऱ्या जमिनीवर लवकर माजते, त्यामुळे खड्ड्यांच्या कडेला ती असतेच असते. वळसा घालून जा, पंधरा मिनिटं जातील, जाऊ द्या.

झाडं आणखी बरंच सांगतात. मूळ डोंगरीवर झाडं मिसळीची असतात, एक मोह शंभर वर्षाचा, बाजूला ऐनाचं पोर, मधात चारोळीचं झाड, तेंदू, धावडा, बेहडा. तिथं पाय बिनधास्त टाका, म्हणजे साप-काटा पाहून. पण जिथं सगळी झाडं एकाच वयाची, एकाच जाडीची दिसायला लागली, सागवान किंवा बांबू रांगेत लावल्यासारखा, तिथं समजा की तुम्ही मलब्यावर उभे आहात, नंतर लावलेली किंवा उगवलेली झाडं आहेत ती. तिथं झाडांची बुडं पाहा. बूड आधी उताराकडं वाकलेलं आणि मग शेंडा वर सरळ झालेला असेल तर तो उतार हळूहळू खाली सरकून राहिला, झाड दरवर्षी स्वतःला सरळ करते आणि जमीन त्याला परत वाकडं करते. अशा उतारावर चढायचं नाही आणि त्याच्या खालूनही जायचं नाही. कडेला समांतर अशी लांब भेग दिसली, अगदी बोटभर रुंद, तर कडेपासून दूर व्हा, भेगेच्या पलीकडचा तुकडा आधीच सुटलेला आहे, फक्त पडायचा बाकी आहे.

दगडावरूनही कळते. हातात घेतला तर साध्या गोट्यापेक्षा दीड-दोन पट जड वाटतो, काळा, आणि काहींचा काळा रंग काजळीसारखा बोटाला लागतो, तो मँगनीजचा. तसे तुकडे सुटे पसरलेले दिसले की खदानीचं काम जवळ होतं समजा, पायाखाली लक्ष दुप्पट करा. खाण्याआधी हात नक्की धुवा. आणि गोटे घरी आणायची हौस करू नका, जिथले तिथं राहू द्या. अजून एक, मोबाईलच्या होकायंत्रावर ह्या पट्ट्यात आंधळा विश्वास ठेवू नका. बेलडोंगरीच्या खदानीत तर चुंबकाला ओढणारं मँगनीजचं खनिज सापडलेलं आहे. सूर्य, नाला आणि मागच्या गावाचा देवळाचा कळस, हे बघत चाला, आणि नकाशा घरूनच डाऊनलोड करून आणा, डोंगरीच्या मागच्या बाजूला टॉवर मिळत नाही.

मलब्याच्या ढिगाऱ्यावरून जावंच लागलं तर कसं. सुटा मलबा साधारण ३५-३७ अंशाच्या उतारावर स्वतःहून थांबतो, म्हणजे तो आधीच काठावर बसलेला असतो, तुमच्या वजनाचीच वाट पाहून राहिला. सरळ वर चढायचं नाही, तिरपं तिरपं, नागमोडी. पाय बोटांवर नाही, पूर्ण तळवा, आणि वजन हळू टाकायचं. झाडाचं मूळ किंवा बुंधा धरायचा तर आधी हलवून पाहायचा, वाळलेलं पळसाचं खोड हातात उपटून येते. ग्रुप असेल तर एकाखाली एक कधीच नाही, सगळे तिरप्या रेषेत, मधात अंतर, आणि गोटा सुटला की ज्याच्या पायानं सुटला त्यानं मोठ्यानं गोटा गोटा ओरडायचं. लाजायचं नाही, अगदी मुठीएवढा असला तरी ओरडायचं. उतरताना चढण्यापेक्षा जास्त पोरं पडतात, थकलेले असतात आणि घरी जायची घाई असते. उतरताना टोंगळे थोडे वाकवून, काडी उताराच्या बाजूला नाही तर डोंगराच्या बाजूला ठेवून, लहान लहान पावलं. पळत उतरायचा मोह होतो तो आवरा.

पाण्याचं सांगतो म्हटलं होतं. खदानीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी दिसायला इतकं सुंदर असते, हिरवं-निळं, शांत, कडेला बगळे, की कोणालाही उतरावंसं वाटते. आमचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या म्हणजे लहान तळी, ह्यांना काठ असतो, हळूहळू खोल होत जातात. खदानीच्या खड्ड्याला काठच नसतो. बेंच, म्हणजे खदानीचे टप्पे, पायरीसारखे सरळ कापलेले असतात, एक पाऊल टोंगळाभर पाण्यात आणि दुसरं पाऊल दोन पुरुष खोल, खालचं पाणी थंडगार, आणि बाहेर निघायला धरायला काही नाही, कडा शेवाळानं गुळगुळीत. चांगला पोहणारा माणूसही तिथं दमतो. हात-पाय धुवायलाही जाऊ नका. कोणी पडलंच तर मागून उडी मारायची नाही, काडी, दुपट्टे एकमेकाला बांधून, रिकामी बॉटल, जे असेल ते फेकायचं आणि ओरडून माणसं बोलवायची.

प्यायचं तर नाहीच. पाणी नितळ आहे, मासे आहेत, म्हणजे चांगलं असं नसते. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर नको असं भारतीय मानक सांगते, दुसरा उपायच नसेल तर ०.३ पर्यंत. आणि हे उकळून जात नाही, उकळलं की पाणी कमी होते आणि मँगनीज तेवढंच राहते. घरून आणलेलं पाणी अर्धं संपलं की परत फिरायचं, माथा दिसत असला तरी.

डोंगरीच्या पोटात आडवी गेलेली भोकं दिसतील, जुने बोगदे. काहींच्या तोंडाशी बांबूची झुडपं, थंड हवा येते बाहेर, पोरांना वाटते आत थोडं जाऊन फोटो काढू. नका जाऊ, एक पाऊलही नको. छताला दिलेली लाकडं कधीचीच कुजली असतात. कुजणारं लाकूड आणि खनिज दोघंही हवेतला ऑक्सिजन खातात, बाहेर तो २१ टक्के असतो, आत किती उरला हे नाकाला कळत नाही, वास येत नाही, श्वास कोंडत नाही, फक्त टोंगळ्यातलं बळ जाते आणि माणूस बसतो तो उठत नाही. त्याला काढायला गेलेला दुसरा पण तसाच. शिवाय अस्वलाला आणि साळिंदराला अशी घरं आवडतात. तोंडाशी ताजी विष्ठा, उकरलेली वारुळं, केस दिसले तर आवाज न करता आल्या वाटेनं मागं.

जनावरांचं बाकी थोडक्यात. सकाळी आठच्या आधी आत शिरू नका आणि दुपारी चारला जंगलाच्या बाहेर असा. एकटं नाही, निदान चार जण, बोलत बोलत चाला, गाणी लावू नका, कारण तुम्हालाही कानोसा घेता आला पायजे. माकडं आणि चितळं एकाच जागी ओरडून राहिली तर त्या बाजूला जायचं नाही. वाघ समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हळूहळू मागं सरकायचं, लेकरू सोबत असेल तर उचलून घ्यायचं, वाकायचं मात्र नाही. खड्ड्यांच्या उभ्या कड्यांना आग्या मोहोळ लटकलेलं असते, त्याच्याखाली बिडी-सिगारेट, अत्तर, ड्रोन काही नको. गोट्यांच्या ढिगात परड (घोणस) आणि फुरसं असतात, म्हणून हात टाकायच्या आधी काडी. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, त्या माणसाला चालवायचंही नाही. हात किंवा पाय काडीला फळीसारखा बांधून हलू न देता उचलून रस्त्यावर आणा, १०८ लावा आणि सरळ सरकारी दवाखाना, मांत्रिकाकडं एक मिनिट घालवू नका. आमच्या गावात असाच वेळ घालवून एक माणूस गेला आहे. वनविभागाची मदत १९२६ वर मिळते, हा नंबर घरीच सेव्ह करा.

रस्ता चुकलात तर खाली उतरत सुटू नका. साध्या डोंगरावर नाला धरून उतरलं की गाव लागते असं म्हणतात, इथं नाला खड्ड्यात उतरतो. जिथं मोठी, मिसळीची झाडं आहेत अशा भरीव जागेवर थांबा, शिट्टी तीन तीन वेळा वाजवा, मग थांबून ऐका. गायकी लोकांचा कान लय तेज असतो. वर जाऊन टॉवर मिळत असेल तर वर जा. अंधार पडला तर जिथं आहात तिथंच बसून रात्र काढा, एकमेकाला धरून, सकाळी लोक शोधत येतात. अंधारात ह्या डोंगरीवर दहा पावलंही चालायची नाही.

माथ्यावर पोचलात की एक मोठा मोह आहे, त्याच्याखाली शेंदूर लावलेले चार-पाच गोटे, बाजूला मातीचे घोडे. गोंडांचा देव आहे तो. जोडे लांब काढा, बसायचं तर थोडं खाली सावलीत बसा, तिथं भाकर खाल्ली तर पहिला तुकडा तिकडं ठेवतात आमच्याकडं. तिथून एका बाजूला बावनथडी नदीचं पात्र दिसते, हवा स्वच्छ असेल तर आंबागड किल्ल्याची टेकडीही ओळखू येते. आणि एकदा तिथून खाली नीट पाहा, जंगलात हिरव्या रंगाचे दोन पट्टे वेगवेगळे दिसतील, एक गडद, खडबडीत, एक फिका, सारखा. फिका आहे तो सगळा मलबा. उतरायची वाट तिथूनच ठरवा, गडद पट्ट्यातून, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, खाली गेल्यावर कामी येतो.

आंबागडावर आधी एकदा जाऊन पाहा असं मी नवीन पोरांना सांगतो, गायमुखच्या बाजूनं फिरून या, पाय कसे आहेत ते कळते. तिथं दम लागला तर आमच्या डोंगरीवर घाई करू नका, पुढच्या वर्षी या.

परत आल्यावर बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीत कपडे झटका, पायमोज्यात, बगलेत, कमरेपाशी गोचीड पाहा, चिकटली असेल तर चिमट्यानं कातड्याला लागून धरून सरळ ओढा, जाळू नका. वाटेत एखादं नवीन उघडं भोक, ताजी भेग, ढासळलेली कडा दिसली असेल तर ती कुठं आहे ते बीट गार्डला आणि गायक्याला दोघांनाही सांगून जा, नुसता फोटो पाठवून नाही, समोर बसून, कोणत्या झाडापाशी, कोणत्या नाल्याच्या अलीकडं ते सांगून. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची ढोरं तिकडंच जाणार असतात.